“किती चांदण्या?” मुलांना बक्षीस देताना नेमकं काय घडतं

माझ्या बहिणीच्या फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला आहे. डावीकडे तीन कामांची चित्रं: दात घासणं, खेळणी टोपलीत भरणं, चपला जागेवर ठेवणं. पुढे आठवड्याचे सात चौकोन. काम झालं की चौकोनात एक चमचमती चांदणी, आणि दहा चांदण्या झाल्या की रात्री झोपताना एक जादा गोष्ट. भाचा चार वर्षांचा. पहिल्या आठवड्यात तो दिवसातून पाच-पाच वेळा ब्रश घेऊन उभा राहायला लागला. दुसऱ्या आठवड्यात उत्साह थोडा उतरला. तिसऱ्या आठवड्यात मी तिथे राहायला गेले होते. बहिणीने त्याला सहज म्हटलं, “बाळा, तिथला माझा चष्मा दे रे.” तो जागचा हलला नाही. खेळण्यातल्या गाडीवरची नजरही न काढता त्याने विचारलं, “किती चांदण्या?”

बहिणीने कपाळाला हात लावला. “बघ, चांगलं वळण लावायला निघाले होते आणि घरात व्यापारी तयार झाला.”

लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत आज हा गोंधळ आहे. एक व्हिडिओ सांगतो, मुलांना शिक्षा करू नका, बक्षिसं द्या. त्याच्याच खालचा दुसरा सांगतो, बक्षिसं अजिबात देऊ नका, मुलांची आतली ओढ मरते. दोघंही संशोधनाचा हवाला देतात, आणि गंमत अशी की दोघांच्याही पाठीशी खरंखुरं संशोधन आहे. घोडं अडतं ते ‘बक्षीस’ या शब्दापाशी, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

बक्षीस कशाला म्हणायचं, हे देणारा ठरवत नाही

1898 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर फळ्यांच्या पेटीत कोंडलेलं, खाणं बाहेर. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडायचं. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, फटीतून पंजा घालायचं, आणि कधीतरी योगायोगाने दोरी ओढली जायची. त्याच पेटीत पुन्हा पुन्हा कोंडलं की वायफळ धडपड हळूहळू कमी व्हायची, आणि शेवटी शेवटी आत गेल्या गेल्या मांजर सरळ दोरीच ओढायचं. ज्या कृतीपाठोपाठ हवंसं काही घडतं, ती कृती टिकते. एवढी साधी गोष्ट, पण पुढे बी. एफ. स्किनरने 1930च्या दशकापासून तिच्यावर अख्खं शास्त्र उभं केलं.

या शास्त्रातला एकच शब्द आपल्याला लागणार आहे: प्रबलन. एखाद्या वागण्याच्या पाठोपाठ असं काही घडणं, की ज्यामुळे ते वागणं पुढे वाढतं. या व्याख्येत देणाऱ्याच्या हेतूला काडीचीही जागा नाही. तुम्ही कौतुकाने दिलेल्या वस्तूमुळे मुलाच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही, तर शास्त्राच्या लेखी ते प्रबलन नव्हेच. उलट तुम्ही रागाने ओरडलात आणि मुलाचं तेच वागणं वाढलं, तर तुमचं ओरडणं हेच त्याचं बक्षीस झालं.

हे विचित्र वाटेल, पण आठवून बघा. तुम्ही फोनवर बोलताय, मूल शेजारी शांतपणे चित्र काढतंय. दहा मिनिटं तुमचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. मग ते येऊन तुमची बाही ओढतं, टेबलावर चढतं, भिंतीवर खडूने रेघ मारतं. तुम्ही फोन बाजूला धरता, त्याच्या डोळ्यांत बघता आणि झापता. मुलाच्या बाजूने हिशोब मांडा: शांत बसण्याची किंमत शून्य, भिंतीवरच्या रेघेची किंमत आईची पूर्ण नजर. लहान मुलाला मोठ्यांच्या लक्षाइतकं दुसरं काही प्रिय नसतं, आणि झापण्यातही लक्ष असतंच.

कोणाला काय बक्षीस वाटेल, हेही आपण परस्पर ठरवू शकत नाही. डेव्हिड प्रीमॅकने 1959 साली पहिलीतल्या मुलांसमोर दोन गोष्टी ठेवल्या, गोळ्या देणारं यंत्र आणि पिनबॉलचा खेळ. काही मुलं गोळ्यांकडे वळली, काही खेळाकडे. मग ज्यांना खेळ जास्त आवडत होता त्यांना सांगितलं, गोळी खाल्लीत तरच खेळायला मिळेल. तर ती मुलं खेळासाठी जास्त गोळ्या खायला लागली. म्हणजे आपण ज्याला बक्षीस समजतो तेच त्या मुलांसाठी काम होऊन बसलं. यातून निघालेला नियम सगळ्या आज्या शिकल्याशिवायच वापरतात: आधी नावडीचं, मग आवडीचं. “पाय धुऊन ये, मग बाहुल्या काढू.” यात वेगळी वस्तू लागत नाही की तक्ता लागत नाही. दिवस तसाही जायचाच असतो, फक्त त्यातल्या गोष्टींचा क्रम लावायचा. मला विचाराल तर चांदण्यांच्या आधी हे करून बघावं.

दुकानातला हट्ट: बक्षीस कोणी कोणाला दिलं?

न ठरवता दिलेली बक्षिसं ठरवून दिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

दुकानात रांग लागली आहे. मुलाला समोरची गाडी हवी आहे. आई नाही म्हणते. मूल कुरकुरतं, मग रडतं, मग जमिनीवर लोळण घेऊन भोकांड पसरतं. मागचे लोक बघायला लागतात. आई म्हणते, “घे बाबा, पण गप्प बस.” मूल गप्प बसतं.

मुलाला गाडी मिळाली, म्हणजे लोळण घेण्याला बक्षीस मिळालं, हे सगळ्यांना दिसतं. आईलाही बक्षीस मिळालं, ते मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. तिने हार मानली आणि त्याच क्षणी तो कान किटवणारा आवाज थांबला, लोकांच्या नजरा वळल्या. नकोसं काही थांबणं हेही प्रबलनच. म्हणजे मूल लोळायला शिकलं आणि आई हार मानायला शिकली. दोघांनी एकमेकांना शिकवलं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी अनेक वर्षं कुटुंबांच्या घरी जाऊन अशा प्रसंगांच्या क्षणाक्षणाच्या नोंदी केल्या. 1982 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा हाच: दोन्ही बाजूंनी फिरत राहणारं जबरदस्तीचं हे चक्र. यात कोणी दुष्ट नसतं. सगळे दमलेले असतात, इतकंच.

आता आई ठरवते, यापुढे नाही म्हणजे नाही. चार वेळा ती टिकते, पाचव्यांदा डोकं दुखत असतं म्हणून देऊन टाकते. तिच्या मते आपण पाचातल्या चार वेळा जिंकलो. पण स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी 1957 साली प्राण्यांवरच्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ काढला, त्यात या पाचव्या वेळेचीच कहाणी आहे. दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं, तर प्राणी लवकर प्रयत्न सोडतो. कधी मिळतं, कधी मिळत नाही, आणि कधी मिळेल ते सांगता येत नाही, अशा वेळी मात्र तो चिवटपणे खटके दाबत राहतो. जुगाराचं यंत्र माणसाला याच युक्तीने खिळवून ठेवतं. पाचव्यांदा दिलेल्या गाडीने मूल शिकतं ते एवढंच, की चार वेळा हरलं तरी धीर सोडायचा नाही.

हट्टाकडे दुर्लक्ष करायला लागल्यावर सुरुवातीला हट्ट वाढू शकतो, हेही आधीच ठाऊक असलेलं बरं. विझताना दिवा मोठा होतो तसं. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? आणखी जोरात, चार वेळा दाबतो. मूलही तेच करतं. बहुतेक पालक नेमके याच टप्प्यावर “दुर्लक्ष करून काही उपयोग होत नाही” म्हणून माघार घेतात, आणि मुलाच्या हाती नवा धडा लागतो की इतक्या मोठ्याने ओरडावं लागतं. (मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर अर्थातच दुर्लक्ष करायचं नसतं. तिथे आधी हात धरायचा.)

मग ही लाचच नाही का?

हा आक्षेप बहुतेक वेळा घरातल्या मोठ्या माणसांकडून येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. गाडी तीच, मूलही तेच. फरक असतो तो बोलणी कधी झाली यात. घरातून निघण्याआधी ठरलं, “दुकानात माझा हात धरून चाललास, तर परत येताना बागेत दहा मिनिटं थांबू,” आणि तसं झाल्यावर थांबलो, तर ते बक्षीस. मूल लोळायला लागल्यावर “उठ, मग बागेत जाऊ” म्हटलं, तर ती लाच. पहिल्यात सूत्रं मोठ्यांच्या हातात आहेत, दुसऱ्यात मुलाच्या. चुकीच्या वेळी दिलेलं उत्तम बक्षीस चुकीचं वागणंच पक्कं करतं.

चमक का उतरते

भाच्याचा उत्साह दुसऱ्या आठवड्यात उतरला, त्याचं उत्तर थोडंसं मेंदूत आहे. वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं काम मोजलं. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात चेतायच्या. पण रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, तर काही काळाने पेशी खुणेला चेतायच्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर ढिम्म राहायच्या. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली यायचं. 1997 साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर याचा अर्थ मांडला. या पेशी सुखाची मोजणी करत नाहीत. अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा किती कमी मिळालं, ते सांगतात.

घरच्या भाषेत सांगायचं तर ठरलेल्या चांदणीचं अप्रूप संपतं, आणि चुकलेल्या चांदणीचं दुःख मात्र मोठं होतं. “देते म्हणालीस आणि दिली नाहीस” यावर मूल जगबुडी झाल्यासारखं का रडतं, ते यावरून कळायला हरकत नाही. म्हणून वचन छोटं द्यावं, पण पाळावं. आणि लगेच पाळावं, कारण चार वर्षांच्या मुलाला ‘रविवारी’ म्हणजे काय ते कळत नाही. चांदणीचा खरा उपयोग हाच असतो. रात्रीच्या गोष्टीपर्यंतचं अंतर ती बुजवते, हुंडीसारखी. मनोरुग्णालयांतल्या रुग्णांसाठी 1960च्या दशकात टिओडोरो आयलॉन आणि नेथन अझ्रिन यांनी टोकनांची अशीच पद्धत बसवली होती. फ्रिजवरच्या तक्त्याचे पूर्वज तिथे सापडतात.

सगळ्यात मोठा आक्षेप: बक्षिसाने आवड मरते

आता दुसऱ्या व्हिडिओकडे वळू. त्याचा आधार बहुतेक वेळा 1973 सालचा एक प्रयोग असतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली चित्र काढायची आधीपासूनच आवड असलेली 51 मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं पुन्हा मांडली आणि मुलं आपण होऊन त्यांच्याशी किती वेळ रमतात ते लपून मोजलं. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती मोकळ्या वेळातला 16.7 टक्के वेळ चित्रांत होती. ज्यांना अचानक मिळालं होतं ती 18.1 टक्के. आणि ज्यांनी ठरवून, बक्षिसासाठी चित्र काढलं होतं ती फक्त 8.6 टक्के.

जवळजवळ निम्मं. आकडा खरा आहे, आणि अस्वस्थ करणाराही. याचा नेहमीचा उलगडा असा देतात: आपण एखादी गोष्ट का करतो, याची कारणं मूलही मनातल्या मनात लावत असतं. “मी चित्र काढतो कारण मजा येते” याच्या जागी “मी चित्र काढतो कारण प्रमाणपत्र मिळतं” हे कारण येऊन बसलं, तर प्रमाणपत्र गेल्यावर चित्र काढायचं कशाला? काम करण्यातच मजा वाटते म्हणून ते करणं, याला आंतरिक प्रेरणा म्हणतात. बक्षिसाने तिचीच जागा बळकावली.

त्याहून लहान मुलांवरचा 2008 सालचा एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी 20 महिन्यांच्या मुलांसमोर वस्तू खाली पाडल्या. एवढीशी मुलं ती उचलून देतात. कोणी सांगावं लागत नाही. काहींना उचलून दिल्याबद्दल खेळात वापरायचा ठोकळा मिळाला, काहींची तोंडी वाहवा झाली, काहींना काहीच नाही. पुढच्या टप्प्यात ठोकळा मिळालेल्यांनी इतरांपेक्षा कमी मदत केली. शब्दांनी असं नुकसान झालं नाही. चष्मा आणून देणं मुलांना मुळात आवडतंच, आणि आपण त्यावर भाव लावतो.

मग बक्षिसं बंदच करायची का? इथे व्हिडिओ थांबतो आणि संशोधन पुढे जातं. ज्युडी कॅमरन आणि डेव्हिड पिअर्स यांनी 1994 साली 96 प्रयोग एकत्र तपासले आणि म्हटलं, बक्षिसाने आवड सरसकट मरते असं दिसत नाही. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी 1999 साली 128 प्रयोग घेऊन उलट उत्तर दिलं: आधी जाहीर केलेल्या वस्तूरूप बक्षिसाने आवड कमी होते, आणि लहान मुलांत जास्तच. वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंच्या आकड्यांत एक गोष्ट समान निघाली, आणि पालकांना तेवढी पुरेशी आहे: ज्या कामात मुळात रसच नव्हता, तिथे बक्षिसाने आवडीचं नुकसान होत नाही. नव्हतं ते जाणार कुठून?

लेपर यांच्या प्रयोगातली मुलं चित्रांची वेडी होती. दात घासण्याचं वेड असलेलं मूल माझ्या पाहण्यात नाही. ‘बक्षीस द्यावं का’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. पुढे विचारायला हवं, “कशासाठी?” गोष्टीची पुस्तकं स्वतःहून उघडणाऱ्या मुलाला पानागणिक चांदणी देणं म्हणजे वाहत्या झऱ्याला पंप बसवणं.

खाण्याच्या बाबतीत ही सीमारेषा छान दिसते. लिअॅन बर्च आणि सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवलं, की “हे प्यायलास तर ते मिळेल” अशी अट घातलेलं नवं पेय मुलांना आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. सांगण्यातूनच त्यांनी ताडलं असावं, की ज्याबद्दल बक्षीस द्यावं लागतं ते वाईटच असणार. पण 2011 साली लूसी कुक आणि सहकाऱ्यांनी 4 ते 6 वर्षांच्या 422 मुलांवर वेगळा प्रयोग केला. नावडत्या भाजीचा फक्त एक छोटा तुकडा चाखायचा, 12 दिवस. चाखला की काहींना स्टिकर, काहींना शाबासकी. आवड वाढली, आणि वाढलेलं खाणं तीन महिन्यांनीही टिकलं. इथे बक्षीस ताट संपवण्याचं नव्हतं, जिभेची ओळख करून देण्याचं होतं. ओळख झाल्यावर पुढचं काम भाजीनेच केलं.

निकालावर लावलेलं बक्षीस

“पहिला आलास तर सायकल.” हे वाक्य कितीतरी घरांत बोललं जातं, आणि बहुतेक वेळा सायकल येत नाही.

रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या चार शहरांत विद्यार्थ्यांना खरोखरचे पैसे देऊन मोठे प्रयोग केले. निष्कर्ष 2011 साली आले. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांवर पैसे होते. मुलं खूश होती, पण गुण जागचे हलले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीतल्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरची छोटी प्रश्नावली सोडवल्यावर पुस्तकामागे 2 डॉलर मिळायचे. रक्कम चिमुकली, पण इंग्रजीतून चाचणी देणाऱ्या मुलांचं वाचनाचं आकलन सुधारलं.

असं का झालं, ते न्यूयॉर्कच्या मुलांशी बोलल्यावर कळलं. गुण वाढवायला काय कराल, असं विचारल्यावर ती परीक्षेतल्या क्लृप्त्या सांगायची: प्रश्न नीट वाचू, उत्तर तपासू. रोज अभ्यास करू, शिक्षकांना विचारू, हे क्वचितच. मुलाला गुण हवेच असतात, पण वाट ठाऊक नसते. पुस्तक उघडणं मात्र त्याच्या हातातलं आहे. बक्षीस लावायचंच तर जे मुलाला आज संध्याकाळी करता येईल त्यावर लावावं. “शहाण्यासारखं वागलास तर” हीसुद्धा निकालावरचीच अट आहे. चार वर्षांच्या मुलाला शहाण्यासारखं म्हणजे नेमकं कसं? “पाहुणे बोलत असताना मध्ये न बोलता माझ्या हाताला हात लाव” हे त्याला करता येतं.

नुसत्या शब्दांनी भागत नाही का?

पुष्कळदा भागतं, आणि ते फुकटही असतं. पण शब्दांतही डावं-उजवं आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली पाचवीच्या मुलांना कोडी दिली. सुटल्यावर काहींना म्हटलं, “तू हुशार आहेस,” काहींना, “तू मेहनत घेतलीस.” पुढच्या अवघड कोड्यांत सगळेच आपटले. त्यानंतर ‘हुशार’ गटाने लवकर हाय खाल्ली, त्यांची मजा गेली आणि गुणही घसरले. स्वतःचे गुण फुगवून सांगणारी मुलंही त्याच गटात जास्त निघाली. हुशारीचं बिरुद एकदा मिळालं की ते सांभाळावं लागतं. या कल्पनेवर पुढे शाळांमधून जे मोठे उपक्रम निघाले, त्यांचा परिणाम मात्र सुरुवातीच्या गाजावाजाइतका मोठा निघाला नाही. तेव्हा ‘हुशार’ शब्द तोंडून गेला म्हणून कोणी झोप उडवून घेऊ नये.

मला स्वतःला ‘मेहनत’पेक्षाही साधं वर्णन उपयोगी वाटतं. “अरे, लाल गाड्या एका टोपलीत आणि ठोकळे दुसऱ्या! तूच ठरवलंस?” यात कौतुकाचा एकही शब्द नाही, पण बघितलं गेल्याचा पुरावा आहे. फोनच्या प्रसंगात त्या शांत दहा मिनिटांत मुलाला जे हवं होतं, ते हेच.

उलट दिशेने: चांदणी काढून घेतली तर?

भावंडाला मारलं म्हणून सकाळी कमावलेली चांदणी परत घेणं, हा मोह प्रत्येकाला होतो. कमावलेलं परत जाऊ शकतं, हे कळल्यावर कमावण्याचा हुरूप राहत नाही, हा एक तोटा. दुसरा तोटा मोठ्यांवर झालेल्या एका प्रयोगात दिसतो. युरी निझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांचा अभ्यास केला. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे म्हणून त्यातल्या 6 ठिकाणी छोटा दंड लावला. उशीर वाढत वाढत जवळपास दुप्पट झाला. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच होता. आता दंड भरला की विषय संपला. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाही. एकदा भाव ठरला की संकोच सहज परत येत नाही. एका माराची किंमत एक चांदणी, हा हिशोब मूलही तितक्याच पटकन शिकेल.

आयुष्यभर चांदण्या कोण देणार?

शेवटचा आक्षेप, आणि रास्त. उत्तर असं की द्यायच्याच नसतात. चूल पेटवताना आधी चिपाडं लागतात. ओंडक्याने पेट घेतला की कोणी चिपाडं घालत बसत नाही. दात घासायची सवय अंगात मुरली की मूल विचार न करता ब्रशकडे वळतं. घासल्याखेरीज झोपायला गेलं तर तोंडातच चुकल्यासारखं वाटतं, आणि बक्षिसाचं काम ती जाणीव करायला लागते.

अडचण येते ती बक्षीस एका दिवसात बंद केल्यावर. आधी रोजची चांदणी, मग दिवसाआड, मग “या आठवड्यात बघू किती झालं ते,” असं पातळ करत न्यावं. शब्द मात्र चालू ठेवावेत. एका वेळी एकच काम निवडलं तर हे जमतं. तीन कामांचा तक्ता हा बहिणीचा जरा उत्साहच होता, असं मी तिला म्हटलं. तिला ते आवडलं नाही.

काही मुलांना मात्र बक्षिसाची गरज जास्त काळ आणि जास्त जवळून असते. लक्ष एकाग्र न होणं आणि अतिचंचलता याचं निदान झालेल्या मुलांना दूरचं फळ दिसत नाही, लगेचचंच दिसतं. शाळेत जाण्याआधीच्या वयात अशा मुलांसाठी औषधाच्या आधी पालकांना वागणूक हाताळायचं प्रशिक्षण द्यावं, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, आणि त्या प्रशिक्षणात वर सांगितलेल्यातलं बरंचसं येतं. तिथे ‘सवय लावून ठेवली’ म्हणून पालकांना टोमणे मारणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं.

चष्म्याचं पुढे काय झालं? बहिणीने “शून्य” म्हटलं आणि स्वतः उठून चष्मा घेतला. चिडली नाही, समजावलंही नाही. तो जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला. दोन दिवसांनी माझी पेन्सिल पलंगाखाली गेली, तर न सांगता सरपटत आत शिरला आणि धुळीने माखून ती घेऊन आला. मी चांदणी दिली नाही. “पार भिंतीपर्यंत गेला होतास?” एवढंच विचारलं. मग ती किती लांब होती हे त्याने मला हात पसरून तीनदा दाखवलं.

तक्ता अजून फ्रिजवर आहे. खेळण्यांची रांग रडतखडत भरते. चपलांची रांग बहिणीने कात्रीने कापून टाकली. दात घासण्याच्या रांगेत चांदण्या मध्येच थांबल्या आहेत, पुढचे चौकोन कोरे आहेत. शेवटची कधी लावली असं मी विचारलं, तर ते तिला आठवेना, आणि त्यालाही.